टाकीचं पोट सांभाळ

घराचा ताबा मिळाला, मागे अंगण आहे, आणि आता तुला ओल्या कचऱ्यावर गॅस करायचाय म्हणतेस. कर की. पण आत्याचं आधी ऐकून घे, मग टाकी सांग. ती टाकी म्हणजे गोठ्यात बांधलेलं जनावर. दोन दिवस उपाशी ठेवलंस आणि तिसऱ्या दिवशी पाटीभर खुराक पुढ्यात ओतलास, तर ते बसणारच.

पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांच्या ‘आरती’ संस्थेने ही छोटी टाकी लोकांपर्यंत नेली, त्यासाठी २००६ साली संस्थेला अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. त्यातली मेख समजून घे. शेणातला कस गायीने आधीच काढून घेतलेला असतो. शिळा भात, भाकरीचे तुकडे, कुजका बटाटा यांच्यात तो अजून शाबूत असतो. म्हणून शेणाच्या संयंत्राला मोठा खड्डा लागतो आणि खरकट्याला हजार लिटरची टाकी पुरते, तिच्यात जरा लहान टाकी उपडी घालायची, की गॅस साठेल तशी ती वर उचलली जाते. मात्र तिला रोज दीड-दोन किलो पिठूळ खरकटं हवं. तुम्हा चौघांच्या घरातच एवढं उरत असेल, तर आधी स्वयंपाकाचा अंदाज सुधार! शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेव, गिरणीत झाडून काढलेलं पीठ मिळतं का बघ. आणि एवढं करून चहा-दूध, एखादी भाजी होईल. सिलिंडर परत करण्याच्या गोष्टी करू नकोस.

सुरुवात शेणानेच. ताजं शेण आणि पाणी निम्मं निम्मं, चांगलं कालवून, काडीकचरा काढून टाकीत भर आणि दोन-तीन आठवडे थांब. पहिल्यांदा टाकी वर येईल, तू काडी ओढशील आणि काही पेटणार नाही. त्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. घाबरू नकोस, पेटवायच्या नादालाही लागू नकोस, उघड्यावर सोडून दे. निळी ज्योत धरली की मगच खरकटं सुरू कर, तेही मूठभरापासून.

जे घालशील ते मिक्सरमधून काढून, पाण्यात पातळ करून. अख्खी पोळी बरेच दिवस तरंगत राहते. लिंबा-संत्र्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, नारळाची शेंडी नको. फिनेल किंवा ब्लीचचं पाणी तर चुकूनही नको, कारण आतले जिवाणूच मरतात. लोणच्याचा खार, भरमसाट कांदा, तळणीचं तेल हेही बेताने. गॅस कमी झाला आणि आंबूस वास यायला लागला, की जास्त खाऊ घातलं असं समज. चार-पाच दिवस काही घालू नकोस, मग थोडं ताजं शेण दे. माणसाला अजीर्णावर लंघन सांगतात ना, तेच.

थंडीत गॅस मंदावतो. आतल्या जिवाणूंना तीस ते पस्तीस अंशांची ऊब आवडते. टाकी उन्हात ठेव, डिसेंबरात खरकटं कोमट पाण्यात कालव.

नळीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. गॅसबरोबर वाफ येते, नळीत पाणी साचतं आणि शेगडी फुरफुरते. नळीला उतार ठेव, खालच्या टोकाला पाणी काढायची सोय कर. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडीने नाही. सिलिंडरच्या शेगडीचं भोक या गॅसला लहान पडतं, म्हणून बायोगॅसची शेगडीच घे. सडक्या अंड्याचा वास आला तर खिडकी उघड आणि कॉक बंद कर. टाकीतून बाहेर पडणारी रबडी पाण्यात पातळ करून झाडांना घाल. कढीपत्ता बघ कसा होतो.

या गॅसचं आपल्याकडे काही नवल नाही, बरं का. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्याचा गॅस धरला होता. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला गॅसची टाकी जोडून दाखवली. पुढे २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तू खरकट्याला नाक मुरडशील, त्यांनी तर गावाचा मैला हाताळला.

पण गॅस करण्याआधी तो वाचव. डाळ दोन तास भिजव. भाताला एक उकळी आली की पातेलं झाकून गवत किंवा जुन्या गोधडीने गच्च भरलेल्या खोक्यात ठेव. पाऊण-एक तासात आपोआप शिजतो.

  

आणि स्पष्टच सांगते. अंगणात दिवसभर सावली असेल, किंवा रोज टाकीला घालणारं घरात कोणी नसेल, तर ती घेऊच नकोस. मागच्या कोपऱ्यात खड्डा कर आणि खत कर. तेवढं पुष्कळ झालं.