श्रीप्रतिष्ठान : नगर आणि स्थान

लीळाचरित्रातील प्रतिष्ठान म्हणजे गोदावरीच्या उत्तर तीरावरील आजचे पैठण. ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून भरुचास गाड्यांनी माल जात असल्याची नोंद असून ही वाट २० दिवसांची सांगितली आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी अवतार स्वीकारला तो भरुचासच. आणि नागुबाईसांना त्यांची भेट घडली ती या प्रतिष्ठानी.

राजसत्ता लयास गेली, व्यापार ओसरला. १९७६ साली जायकवाडीचे धरण झाले. नगराच्या वरच्या अंगास नाथसागर पसरला आणि खालचे पात्र धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या अधीन झाले. मग वंदनीय काय उरले? उत्तर असे की, येथील भूमी प्राचीनतेने किंवा नदीजलाने वंद्य नाही. ईश्वरसंबंधाने वंद्य आहे. तो संबंध विशिष्ट जागेशीच असतो. म्हणूनच पूर्वाचार्यांनी स्थानपोथीत देवळे, दारे व दिशा काटेकोरपणे नोंदविल्या. एकदा जागेची ओळख पुसली की नवा ओटा बांधून ती परत येत नाही. यास्तव साधकाने वृद्धांकडून स्थान समजून घ्यावे, पोथीशी ताडून पाहावे आणि लीळा स्मरून मगच दंडवत घालावा.