परदेशी संसार : व्हिसा आणि कामाचा हक्क

पूर्वी आपल्या वस्तीतील मुलगी लग्न होऊन नागपूरहून कल्याणला गेली तरी आईला ती दूर गेल्यासारखे वाटे. आज परिस्थिती पालटली आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील मुलेमुली इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत पोहोचली. तेथे किंवा जाण्यापूर्वी इथेच त्यांची मने जुळतात आणि मग एकाने दुसऱ्याकडे जायचे ठरते. बहुधा जाणारी मुलगीच असते. आईवडील विहारात येऊन आम्हाला विचारतात, "मुलगा चांगला आहे, पण व्हिसा मिळेल ना?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आमच्या मते त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न असा : तिकडे गेल्यावर ती स्वतःच्या नावाने नोकरी करू शकेल काय?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या अभ्यासवर्गात अनेकदा वाचले जाते. भगवंतांनी तरुण गृहस्थ सिगालाला पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीकडे अधिकार सोपविणे हे एक आहे. अट्ठकथेत या अधिकाराचा अर्थ स्वयंपाकघराची पळी तिच्या हाती देण्यापर्यंत आणून ठेवला आहे. डिपेन्डंट व्हिसावर, म्हणजे पतीवर अवलंबून म्हणून गेलेल्या पदवीधर मुलीच्या हाती कित्येकदा नेमकी ती पळीच उरते. दोष नेहमी पतीचा असतो असे नाही. पुष्कळदा तो कायद्याचा असतो, म्हणून कायदा समजून घेतला पाहिजे.

परदेशी सरकारे अशा विवाहांकडे संशयाने पाहतात, हा इतिहास नवा नाही. जानेवारी १९७९ मध्ये एक भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित वराशी लग्न करण्यासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. ती अविवाहित आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिची कौमार्य चाचणी करण्यात आली. वृत्तपत्रांनी ही गोष्ट उघड केल्यावर भारतात व ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि ती प्रथा थांबविण्यात आली. परंतु संशय थांबला नाही. ऐंशीच्या दशकात तेथे असा नियम होता की, लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. नसलेला हेतू सिद्ध कसा करणार? भारतीय उपखंडातील कितीतरी जोडपी यात अडकून पडली. शिवाय पत्नीला बोलावणे पुरुषाला सोपे आणि पतीला बोलावणे स्त्रीला अवघड, असाही भेद होता. तीन स्त्रिया याविरुद्ध स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ मध्ये जिंकल्या. निकालानंतर सरकारने काय केले? पतींवरच्या अटी सैल करण्याऐवजी त्याच पत्नींनाही लावल्या! समानता आली, ती अशी. मुख्य हेतूचा तो नियम अखेर जून १९९७ मध्ये रद्द झाला.

संशयाची जागा पुढे पैशाने घेतली. जुलै २०१२ पासून, परदेशी जोडीदाराला बोलावणाऱ्या ब्रिटिश नागरिकाचे किंवा तेथे कायम वास्तव्य मिळालेल्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे अशी अट आली. एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जदारांसाठी ती रक्कम २९,००० पौंड करण्यात आली. इथली मुलगी आपल्या बँकेत कितीही चांगला पगार घेत असो, इथून अर्ज करताना तिचा पगार त्यात धरला जात नाही. अर्जाची फी आणि आरोग्यसेवेचा अधिभार वेगळाच. अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून दरवर्षी १,०३५ पौंड झाला आणि तो व्हिसाच्या मुदतीपुरता आधीच एकरकमी भरावा लागतो. एवढे सोसून मिळालेल्या या व्हिसावर काम करण्याची मात्र मुभा असते, ही त्याची मोठी जमेची बाजू.

शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी हा नियम विद्यार्थ्यांच्या नियमाशी घोटाळू नये. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेण्यास बहुतांशी मनाई केली. पीएच.डी.सारखे संशोधन आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या एवढाच अपवाद ठेवला. आपली शिष्यवृत्ती त्या अपवादात बसते की नाही, याची विद्यापीठाकडून लेखी खात्री केल्याशिवाय "लग्न करून दोघेही जाऊ" असे कोणी गृहीत धरू नये.

अमेरिकेची कथा वेगळी आहे. पती एच-१बी व्हिसावर कंपनीत असेल तर पत्नीला एच-४ मिळतो. एच-४ वर राहता येते, शिकता येते, पण नुसत्या त्या व्हिसावर पगार घेता येत नाही. मे २०१५ पासून त्यांतील काहींना कामाचा परवाना मिळू लागला. त्यासाठी साधारणपणे पतीच्या कंपनीने केलेला ग्रीन कार्डचा प्राथमिक अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. म्हणजे पत्नी इंजिनिअर असो की सनदी लेखापाल, तिने कधी कामाला लागावे हे पतीची कंपनी ठरविणार. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाच्या बाबतीत त्या मंजुरीला कित्येक वर्षे लागू शकतात. पुढे ग्रीन कार्डसाठी प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार लांब आहे. आणि पतीची नोकरी गेली तर सर्वसाधारणपणे साठ दिवसांत दुसरी सोय न झाल्यास दोघांनाही गाशा गुंडाळावा लागतो. एकाच कागदावर दोघांचा संसार उभा असतो, हे बोलणी करताना मुलाने स्वतः सांगावयास हवे. पत्रिका जुळते का हे आपण आता पाहत नाही, ते उत्तमच. त्या वेळात व्हिसाचा कागद पाहावा.

कामाची मुभा मिळाली म्हणजे काम मिळाले असेही नाही. आपल्या समाजात परिचारिका झालेल्या मुली पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करण्यास तेथील नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी इंग्रजीची पात्रता, संगणकावरील लेखी परीक्षा आणि ब्रिटनमध्ये जाऊन द्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा असे टप्पे आहेत. यांपैकी पहिले दोन येथूनच पार पाडता येतात. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधला काळ साड्यांच्या खरेदीपेक्षा यात घालविलेला बरा, असे आम्ही म्हणालो की घरच्या मंडळींना राग येतो, पण आमचा नाइलाज आहे.

आता इथल्या कागदांविषयी. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन झालेला विवाह आपल्यासाठी पूर्ण असतो, परंतु वकिलातीला नोंदणीचा दाखला हवा असतो. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली ही नोंदणी होते. दोघांपैकी एक ख्रिस्ती, मुस्लिम किंवा परदेशी नागरिक असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. मात्र तेथे एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते आणि नोटीस दिल्यावर आणखी तीस दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांची रजा काढून आलेल्या मुलाचे गणित इथेच चुकते. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः एप्रिल १९४८ मध्ये दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला होता, हे नोंदणीला कमी लेखणाऱ्यांनी आठवावे.

आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे. त्यामुळे पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसरे, असा घोळ होतो. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. परदेशात जाणाऱ्या मुलीने पदवीवरचे नाव तसेच ठेवले तर नोकरीच्या अर्जात तिचा त्रास वाचतो.

संसार मोडण्याचा विचार लग्नाच्या वेळी कोणी करीत नाही, तरी दोन गोष्टी माहीत असाव्यात. ब्रिटनमध्ये पत्नी म्हणून व्हिसावर असताना मारहाण किंवा छळ झाला, तर तिला पतीच्या आधाराशिवाय तेथे राहण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. "तक्रार केलीस तर परत पाठवीन" ही धमकी म्हणूनच अर्धसत्य असते. आणि अनिवासी भारतीयांच्या विवाहांतील तक्रारींसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. तेथे लिहिताना पतीचा तिकडचा पत्ता, कंपनीचे नाव, त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत हाताशी असेल तर पुढचा पत्रव्यवहार सोपा होतो. या प्रती मुलीच्या माहेरीही एका पाकिटात असू द्याव्यात. व्हिसाचे नियम आणि रकमा वारंवार बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी माहितीशी ताडून पाहावे. ज्यांना कागद वाचून घ्यावयाचे असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे. मुलीलाही सोबत आणावे, कारण सही तिची असते.