राखेची साक्ष

दि. 12 मार्च 1993 रोजी मुंबई शहर बारा बाँबस्फोटांनी हादरले. 257 माणसे प्राणास मुकली. स्फोटक कोणते, हे ठरविण्याचे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे आले. तेथील परीक्षकांत डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती होत्या.

स्फोटात सारे काही जळून जाते, असा सामान्य समज आहे. तो खरा नव्हे. स्फोटकाचे सूक्ष्म कण लोखंडास, मातीस चिकटून राहतात. ते ॲसिटोनमध्ये धुऊन घेतात व त्या द्रावाचा थेंब लेप दिलेल्या काचपट्टीच्या तळाजवळ ठेवून पट्टी द्रावकात उभी करतात. द्रावक वर चढू लागला, की प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीपर्यंत जातो. शेजारच्या परिचित नमुन्याशी ती उंची ताडून पाहावयाची! अवशेषांत आर.डी.एक्स. आढळले. हे लष्करी वापराचे स्फोटक. ते बाजारात मिळणारे नव्हे. मग ते आले कोठून, हा शोध घेणे प्राप्तच झाले.

नागपुरास रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन रुक्मिणीबाई 1974 साली या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. 2002 ते 2008 या काळात त्या संचालक होत्या. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. संशोधक विद्यार्थ्यांना त्यांनी मार्गदर्शन केले, ग्रंथलेखनही केले.

आता अमरावतीसही अशी प्रयोगशाळा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात रक्ताचा डाग पडलेला सदरा सापडला, तर पोलीस तो मोहोरबंद करून परीक्षणास धाडतात. एखाद्या निरपराध्याची सुटकाही त्या डागावर अवलंबून असते. परंतु वाटेत मोहोर फुटली, तर न्यायालय त्या सदऱ्यावर विश्वास ठेवीलच, असे नाही.