काका, तीसचा कोड द्या

माझं रिचार्जचं दुकान शाळेच्या रस्त्यावर आहे. पूर्वी पोरं मेमरी कार्ड मागायची, आता म्हणतात, "काका, तीसचा कोड द्या." कोड म्हणजे प्ले स्टोअरचा रिडीम कोड. तो मोबाइलमध्ये टाकला की तेवढी रक्कम जमा होते आणि तिथून गेममध्ये जाते. गेम फुकट आहे असं घरच्यांना सांगितलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. त्या फुकटातला गल्ला मात्र मला रोज दिसतो.

एका पोराचा मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला. त्याला बंदुकीचा नवा रंग हवा होता, किंमत 400 हिरे. हिऱ्यांची पाकिटं मात्र 310 आणि 520 ची. म्हणजे मोठं घ्यायचं, उरलेल्या 120 मध्ये धड काही येत नाही, की पुढचं पाकीट. कोपऱ्यात ऑफर संपायचं घड्याळ उलटं पळत होतं. रुपयाचं तोंड थेट शेवटी दिसतं, तोवर सगळे हिशेब हिऱ्यांत.

"नेम चांगला लागतो का रे यानं?"

"नाही काका, भारी दिसतं."

दुसरी तऱ्हा ताटकळत ठेवण्याची. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात, संपले की एक परत यायला अर्धा तास. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये वरच्या पातळीला एकेक इमारत वाढायला दिवसच्या दिवस लागतात. थांबा नाहीतर पैसे टाका. बहुतेक लोक थांबतात. कँडी क्रशवाली किंग कंपनी 2014 मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हाच्या तिच्या कागदपत्रांनुसार महिन्याला शंभरातले चारेक खेळाडूच पैसे मोजत होते. तरीही पुढच्याच वर्षी ती 5.9 अब्ज डॉलरना विकत घ्यायचा सौदा ठरला. डोलारा त्या चौघांच्या जिवावर. आपल्या घरातलं कुणी त्या चौघांत आहे का, ते पाहायचं.

गेल्या वर्षी एक ताई पासबुक घेऊन आल्या. "भाऊ, माझं खातं कुणीतरी हॅक केलंय." 29, 80, 29, 159, पुन्हा 80, अशी रांगच होती. एकेक रक्कम एवढी किरकोळ की डोळ्यांत भरू नये. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवलं, पेमेंटमध्ये जाऊन खरेदीचा इतिहास उघडला. सगळं एकाच गेमचं. यूपीआयला पिन लागतो, मग गेले कसे? पिन त्यांच्या मुलालाच पाठ होता, कारण घरातलं मोबाइलचं सगळं तोच बघायचा. मी तरी याला चोरी म्हणणार नाही. सातवीतल्या पोरासमोर असा सापळा मांडणाऱ्यांना काय म्हणायचं ते आधी ठरवू.

अमेरिकेत हे बरंच आधी कोर्टकचेरीपर्यंत गेलं. आयफोनवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं खरेदीला तो पुन्हा विचारला जात नसे. मुलांनी तेवढ्यात केलेल्या खरेदीपोटी 2014 मध्ये ॲपलनं किमान 3.25 कोटी डॉलर परत द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे गिऱ्हाईक विचारतं, "सरकारनं बंदी घातलीय ना?" ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. इथे पैसे जिंकायचे नसतातच, फक्त द्यायचे असतात.

तेव्हा एवढं करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं ठेवा. तिथे महिन्याचं बजेटही लावता येतं, पण ते नुसतं बजावतं, अडवत नाही. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधली खरेदी बंदच करता येते. नको ती खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परताव्याचा अर्ज करा, नंतर घासाघीस वाढते. बँकेचे मेसेज स्वतः वाचा, पोराकडून वाचून घेऊ नका. आणि फुकट हिरे देतो म्हणणाऱ्या लिंकवर बोट ठेवू नका, तिथे हिरे नसतात.

कोड विकणं मी बंद केलेलं नाही. शेजारचा विकतोच. फक्त शंभराच्या वरचा मागितला की, "बाबांना फोन लाव," म्हणतो. निम्मी पोरं तिथूनच परत फिरतात.

त्या ताईंना पिन बदलून दिला आणि बजावलं, मुलाला सांगू नका. त्या म्हणाल्या, "मग लाइटबिल कोण भरणार?" म्हटलं, मुलालाच भरू दे, पिन तेवढा तुम्ही दाबा.