शिराझची वाईन मुरण्यावर प्रदेशाचा व हंगामाचा परिणाम

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत संपविण्यासाठीच केलेली असते. ती अधिक काळ ठेवल्यास तिचा फळांचा स्वाद मावळतो. काही थोडी वाईन मात्र वीस-तीस वर्षेही टिकते आणि मुरून अधिक चांगली होते. कोणती वाईन ठेवावी व कोणती लवकर विकावी, हे ठरविताना चूक झाली तर तळघरात अडकलेले भांडवल वाया जाते. ऑस्ट्रेलियातील शिराझ हे या प्रश्नाचे बोधप्रद उदाहरण होय.

शिराझ ही मूळची फ्रान्समधील जात असून तेथे तिला सिरा म्हणतात. जेम्स बझबी यांनी फ्रान्स व स्पेनमधून जमविलेल्या द्राक्षकाड्या १८३२ साली ऑस्ट्रेलियात आल्या, त्यांत ही जात होती. आज त्या देशात सर्व द्राक्षजातींत तिची लागवड सर्वाधिक आहे.

वाईन मुरते म्हणजे काय?

मण्यांच्या सालीतून व बियांतून तुरट टॅनिन आणि सालीतून रंगद्रव्ये वाईनमध्ये उतरतात. कालांतराने ही द्रव्ये एकमेकांशी जोडली जातात व त्यांतील काही गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि ताज्या फळांच्या स्वादाची जागा चामडे, माती व सुक्या फळांची आठवण देणारे गंध घेतात. हे होत असताना वाईनचे रक्षण आम्लता करते. सामू कमी असल्यास सल्फर डायऑक्साइड अधिक प्रभावी ठरतो व जंतूंची वाढ मंदावते. म्हणून टॅनिन, आम्लता व फळांचा स्वाद या तिन्ही गोष्टी प्रारंभीच पुरेशा व समतोल असाव्या लागतात. मुळात नसलेला गुण मुरवून येत नाही.

प्रदेशाचा परिणाम

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बारोसा खोऱ्याचा उन्हाळा उष्ण व कोरडा असतो. तेथील शिराझ गडद, भरदार व पिकलेल्या फळांच्या स्वादाची असते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण बहुधा १४ ते १५ टक्के असते. चांगल्या मळ्यातील अशी वाईन दहा ते वीस वर्षे सहज मुरते.

न्यू साउथ वेल्समधील हंटर खोरेही उष्ण आहे; परंतु तेथे दुपारचे ढग व समुद्रावरील वारे उन्हाचा ताप कमी करतात. तेथील शिराझ अंगाने मध्यम असते व तिच्यातील मद्यार्क बारोसाहून कमी असतो. कोवळेपणी ती साधी वाटते. तथापि उत्तम वर्षांतील वाईन तीस वर्षांहूनही अधिक टिकलेली आहे. केवळ गडदपणावरून आयुष्याचा अंदाज बांधू नये, हा धडा हंटर देते.

व्हिक्टोरियातील ग्रॅम्पियन्ससारख्या थंड भागातील शिराझला मिऱ्याचा गंध येतो. त्याचे कारण रोटंडोन हे द्रव्य होय. थंड प्रदेशात व थंड हंगामात त्याचे प्रमाण वाढते. तेथील वाईनला नैसर्गिक आम्लतेचा मोठा आधार मिळतो.

हंगामाचा परिणाम

२०११ च्या हंगामात दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया येथे थंडी व पाऊस अधिक झाल्याने केवडा व घडांची कूज पसरली. कुजीच्या बुरशीतील विकर रंगद्रव्ये नष्ट करते. म्हणून अशा मालाची वाईन दीर्घकाळ ठेवण्याजोगी नसते. त्याच वर्षी हंटरमध्ये मात्र हंगाम चांगला गेला. उलट २००८ साली हंटरमधील काळी द्राक्षे पावसाने बहुतांशी वाया गेली, तर मार्चमध्ये अॅडलेड शहरात सलग १५ दिवस तापमान ३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले. त्या परिसरात उष्णतेपूर्वी तोडलेला माल समतोल होता. नंतर तोडलेल्या मालात मणी सुकले, साखर वाढली व आम्लता घटली. एकाच वर्षाच्या व एकाच प्रदेशाच्या वाईनमध्ये तोडणीच्या तारखेने असा फरक पडला. म्हणून अमुक वर्ष ‘ऑस्ट्रेलियाचे चांगले वर्ष’ असे सरसकट म्हणणे व्यर्थ होय.

यावर एक तोडगा मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ साली प्रथम केलेल्या ग्रेंज वाईनमध्ये दिसतो. निरनिराळ्या प्रदेशांतील निवडक माल एकत्र केल्याने एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणच्या मालाने भरून काढता येते.

बागाईतदारांसाठी बोध

नाशिक भागातही शिराझची लागवड आहे व तोडणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना होते. बारोसा किंवा हंटर यांचे वर्षांचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करू नयेत. त्यांची पद्धत मात्र अवश्य घ्यावी. प्रत्येक तुकड्याची तोडणीची तारीख, साखर, आम्लता, सामू व पावसाची नोंद वेगळी ठेवावी. प्रत्येक हंगामातील काही बाटल्या १३ ते १५ अंश तापमानात, अंधारात राखून ठेवाव्या व दरवर्षी एक उघडून पारखावी. अशा दहा वर्षांच्या नोंदी हाती असल्यास कोणता माल मुरवावा व कोणता त्वरित विकावा, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.