बेलीफाचा कागद नाकारू नका

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी एका बँकेकडून दोन लाखांचं बिनतारण कर्ज घेतलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद पडलं आणि हप्ते थकले. वसुलीवाला यायचा तेव्हा जमेल तशी रोख देत गेलो. असे अठ्ठेचाळीस हजार भरले, पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या.

मग एक दिवस बेलीफ समन्स घेऊन आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कागद घेऊ नको. घेतला की अडकलास." मी घेतला नाही. बेलीफानं काहीही न बोलता कागद शटरला चिकटवला, दोघा साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि निघून गेला. मला वाटलं, बला टळली.

पण समन्स नाकारलं तरी कायदा ते बजावलंच असं धरतो. तारखेला मी नव्हतो, दावा एकतर्फी चालला आणि बँकेच्या हिशेबानं हुकूमनामा झाला. माझ्या पावत्या डब्यातच राहिल्या. मी गेलोच नाही, तर त्या कोर्टापुढे ठेवणार कोण?

निकाल झालाय हे कळलं ते थेट जप्तीच्या दिवशी. बँकेनं दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली होती आणि बेलीफ जंगम जप्तीचं वॉरंट घेऊन दुकानात उभा होता. "वेल्डिंग मशीन एक, ग्राइंडर एक, ड्रिल एक..." तो यादी लिहीत होता आणि माझा पोरगा कोपऱ्यात उभा राहून बघत होता. ते शब्द अजून कानात आहेत.

त्याच दुपारी मी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. तिथून मोफत वकील मिळाल्या. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, समन्स घेतलं असतंत तर हे प्रकरण इथवर आलंच नसतं." पुढे जे शिकलो ते इथं मांडतोय.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. त्यासाठी त्याच कोर्टात ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स खरोखरच मिळालं नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस धरतात. गैरहजेरीला सबळ कारण मात्र हवं. माझा अर्ज इथेच फेटाळला गेला, कारण नकाराची नोंद बेलीफाच्या अहवालात होती. दुसरी वाट अपिलाची. सेलूच्या निकालावर परभणीच्या जिल्हा न्यायालयात अपील होतं, तेही ३० दिवसांत. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडता येतो, पण कारण पटवावं लागतं.

निकाल मान्य असला तरी रक्कम एकदम भरणं झेपत नाही. निकाल देताना कोर्ट हप्ते पाडून देऊ शकतं. निकालानंतर मात्र त्याला बँकेची संमती लागते. म्हणून पैसे नसले तरी पहिल्या तारखेपासून हजर राहा.

जप्ती आली तरी सगळं नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बी-बियाणं जप्त होत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. माझी मशीन्स कोर्टानं कारागिराची हत्यारं मानून सोडली. ती बँकेकडे तारण असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

"जेलमध्ये टाकू" या धमकीनं घाबरू नका. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही, नुसती ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सांगितलं. ऐपत असून मुद्दाम बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. म्हणून आपली खरी परिस्थिती कागदोपत्री कोर्टापुढे ठेवा.

निकालानंतर कोर्टाबाहेर पैसे भरलेत, तर ३० दिवसांत कोर्टात त्याची नोंद करून घ्या. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत धरत नाहीत. आणि गप्प बसून प्रकरण मिटत नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते.

कर्ज आपण घेतलंच नाही, असं असलं तरी ते कोर्टात जाऊनच सांगावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात गंगाखेडला एका साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. शेतकऱ्यांच्या नावावर त्यांच्या नकळत बँकांकडून कर्जं उचलली, असा तो आरोप. अशा माणसानं समन्स नाकारलं, तर न घेतलेलं कर्जही त्याच्या डोक्यावर बसेल.

शेवटी माझं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. बँकेनं व्याज कमी केलं, पावत्या हिशेबात धरल्या आणि हप्ते बांधून दिले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल त्याच हप्त्यावर सही करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. विधी सेवेचा फोन १५१०० आहे.

माझ्यासारखं करू नका. बेलीफ आला तर सही करून कागद घ्या, त्यावरची तारीख वाचा आणि त्या दिवशी पावत्यांचा डबा घेऊन कोर्टात उभे राहा.