उजव्या सीटवरून उजव्या सीटवर

पोरी, एअरलाइनमध्ये एटीआर विमानावर को-पायलटची ऑफर आल्याचं तुझ्या आईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. "जाऊ देऊ की नको?" असं तिने मला विचारलं. निर्णय तुझाच आहे, पण काय काय बघून तो घ्यायचा हे लिहून पाठवतो, असं तिला म्हणालो. मी आधी फ्लाइंग क्लबवर शिकवलं, मग एटीआरवर गेलो आणि पुढे डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवरून तुझ्यासारखे बरेच इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेले पाहिले. कोण सहज रुळलं, कोण वर्षभर अडखळलं आणि का, हे जवळून बघायला मिळालं.

पहिलं म्हणजे, बरोबरीचे सगळे केव्हाच एअरलाइनमध्ये गेले ही सल मनातून काढ. आपल्याकडे २०० तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना, आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग असलं की माणूस थेट एअरबसचा को-पायलट होतो. अमेरिकेत तसं चालत नाही. १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू-४०० पडलं, पन्नास माणसं गेली आणि त्यानंतर २०१३पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट लागू झाली. म्हणून तिथले हजारो तरुण ते तास भरण्यासाठी शिकवतात. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५००च्या बरेच वर होते. तेव्हा नुसत्या आकड्यावर तू मागे पडत नाहीस आणि पुढेही जात नाहीस. त्या तासांत काय भरलंय, ते बघ.

ते बघायची जागा म्हणजे तुझं सर्किट. पुढच्या आठवड्यात मुलांबरोबर बसशील तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेव: तुझा हात कंट्रोलवर कधी जातो? चांगल्या इन्स्ट्रक्टरचा हात उशिरा जातो, पण डोळे आधीच तिथे पोचलेले असतात. मुलगा बेस लेगवर उंच राहिलाय, आता फायनलवर नाक खाली दाबणार, वेग वाढणार आणि फ्लेअरला विमान तरंगत जाणार, हे सगळं तुला तो वळायच्या आधी दिसत असेल, तर तू जागी आहेस. तू थांबतेस, त्याला त्याची चूक कळू देतेस आणि मर्यादा आली की शांतपणे कंट्रोल घेतेस. पण हात पहिल्याच हेलकाव्याला जायला लागला, तर तू दमली आहेस. आणि दहावं लँडिंग होऊन गेलं तरी नवव्यात काय झालं ते आठवत नसेल, मुलाचं नाव डीब्रीफला आठवावं लागत असेल, तर मग शिकवणं थांबवायची वेळ आली आहे. एअरलाइनची ऑफर असो वा नसो. शेजारी बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला तुझ्या लक्षाखेरीज दुसरा आधार नाही.

लक्ष ढळण्याला अनुभवाचं कवच नसतं. १५ जानेवारी २०२३ला नेपाळमध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ पडलं. उजव्या सीटवर अनुभवी प्रशिक्षक होते आणि डावीकडच्या कॅप्टन नव्या विमानतळाची ओळख करून घेत होत्या. त्यांनी फ्लॅप मागितले. चौकशीत निघालं ते असं: फ्लॅप हलले नाहीत, हलले ते प्रॉपेलरचे दोन्ही कंडिशन लिव्हर, बहुधा अनवधानाने. प्रॉपेलर फेदर झाले, इंजिनं फिरत असून जोर उरला नाही. बहात्तर माणसं गेली. तुला घाबरवायला हे सांगत नाही. शिकवणाऱ्याच्या हाताला सवय लागते आणि ती सवय डोळ्यांना विचारत नाही, एवढंच तुझ्या मनात राहावं. एटीआरवर लिव्हरला हात लावायच्या आधी त्याच्याकडे बघ, नाव म्हण, मग हलव. हे आतापासून सेसनावर कर. मिक्स्चर आणि कार्बोरेटर हीटपासून सुरुवात कर.

आता समज, तू जागी आहेस आणि शिकवणं अजून आवडतंय. तर मग लॉगबुक उघडून बस. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायच्या परवान्याला, एकूण १५०० तास लागतात, त्याशिवाय पायलट-इन-कमांडचे, क्रॉसकंट्रीचे, रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे वेगवेगळे हिशेब असतात. इन्स्ट्रक्टरचं बलस्थान कमांडच्या तासांत असतं. तुझे ते भरपूर आहेत, थेट एअरबसवर गेलेल्यांना तेच जमवताना नाकी नऊ येतात. तुझी कमतरता रात्रीच्या तासांत असणार. १०० तास रात्रीचे हवेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीवर सूर्य मावळला की काम संपतं. हे तास तुला सर्किटमध्ये कधीच मिळणार नाहीत, एअरलाइनमध्ये आपोआप मिळतील. म्हणून तुझ्यासारखीला अजून दोन वर्षं शिकवून फारसं काही मिळत नाही. तिथे जाऊन तू एटीपीएल लवकर पुरं करशील, आणि डावी सीट त्याशिवाय मिळत नाही. मात्र जायच्या आधी एटीपीएलचे लेखी पेपर देऊन टाक. लाइनवर रुजू झाल्यावर रोस्टर हातात पडलं की अभ्यासाचे सलग चार दिवस मिळणं कठीण.

मल्टी-इंजिनचे तास कमी असतील तर त्याची काळजी करू नकोस. टाइप रेटिंगमध्ये एटीआर शिकवतातच आणि इंजिन निकामी झाल्यावर लागणारी पायाने रडर दाबायची सवय सेसना उडवणाऱ्याला उलट बरी असते. जेट शिकलेल्यांचे पाय आळशी असतात. एटीआरला पाय लागतात, विशेषतः कोकणात पावसाळ्यात आडवा वारा सुटला की. सिंधुदुर्गातल्या चिपीला ऑक्टोबर २०२१मध्ये पहिलं प्रवासी विमान उतरलं तेही एटीआरच होतं; तिथलं पठार आणि जून-जुलैचे ढग आठवून बघ, म्हणजे लहान मार्गांवर वैमानिकाला किती शिकायला मिळतं ते कळेल. दिवसाला चार-चार लँडिंग, बहुतेक वेळा खऱ्या हवेत. लांब पल्ल्याच्या विमानावर एवढा हात बसायला वर्षं जातात.

कंपनीकडे मात्र डोळसपणे बघ. प्रादेशिक मार्ग बऱ्याचदा सरकारच्या उडान योजनेच्या अनुदानावर उभे असतात आणि ते अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. २०१७च्या डिसेंबरात एअर डेक्कनने जळगाव-मुंबई सुरू केली, टिकली नाही. ट्रूजेटची विमानं २०२२मध्ये जमिनीवर आली. मोठेही सुटले नाहीत: किंगफिशर २०१२, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९, गो फर्स्ट मे २०२३. त्या त्या वेळी टाइप रेटिंग हातात असलेले शेकडो वैमानिक घरी बसले. म्हणून विचारायचं ते असं: ताफ्यात विमानं किती आणि पुढच्या वर्षी किती येणार आहेत? त्यातली भाड्याने घेतलेली किती? अनुदान संपलं तरी चालतील असे मार्ग किती? हे प्रश्न मुलाखतीच्या शेवटी नम्रपणे विचारता येतात. मनुष्यबळ विभागाने टाळाटाळ केली तर त्याच कंपनीतल्या एखाद्या को-पायलटला चहाला बोलाव, तो सगळं सांगेल.

करार दोनदा वाच. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा आणि त्याबदल्यात किती वर्षांचा बाँड? बाँड मोडला तर रक्कम दरवर्षी कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते? प्रशिक्षणात काय देणार आणि लाइनवर सुटल्यावर काय? महिन्याला किती तासांचे पैसे ठरलेले आणि त्यावरच्या तासांचा दर काय? प्रशिक्षणात नापास झालीस, किंवा वैद्यकीय तपासणीत तात्पुरती अनफिट ठरलीस तर? नोटीसच्या नियमाचाही हिशेब ठेव: २०१७पासून डीजीसीए या नियामकाच्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. म्हणजे इथून एअरबसवर उडी मारायची असेल तर ती आधीपासून आखावी लागते आणि नव्या कंपनीत सिनिऑरिटी पुन्हा तळापासून. पुढे कुठे जायचंय हे आज पक्कं नसेल तर बाँड लहान असलेली ऑफर घे, पगार थोडा कमी असला तरी.

आणि नुसत्या एलओआयवर राजीनामा देऊ नकोस. पोरी, हे मी हट्टाने सांगतोय. एलओआय म्हणजे इच्छेचं पत्र. ग्राउंड स्कूलची तारीख आणि नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत कित्येक मुलांचे महिनेच्या महिने निघून गेले आहेत, आणि तोवर शिकवायची नोकरीही गेली. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग, मग देखरेखीखालचं लाइन फ्लाइंग, एवढं पार पडून पूर्ण पगार सुरू होईपर्यंतचा घरखर्च बाजूला काढून ठेव. गृहकर्ज आत्ता घेऊ नकोस.

एअरलाइनमध्ये गेल्यावर पहिलं वर्ष तुला एका विचित्र जागी अवघड जाईल. बसायला तू उजव्याच सीटवर, डावा हात पॉवर लिव्हरवर, सगळं ओळखीचं. पण डावीकडे बसलेला माणूस आता तुझा विद्यार्थी नाही. इन्स्ट्रक्टरांना दोन खोडी असतात. एक, कॅप्टनची चूक दिसताच शिकवायला लागणं. दुसरी त्याहून वाईट: आपण नवे म्हणून गप्प बसणं. वेग पाच नॉट कमी झाला की "स्पीड" एवढंच म्हणायचं, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या वेळी. उत्तर नाही आलं तर पुन्हा म्हणायचं. तुझ्या डोळ्याला विचलन लवकर दिसतं, ही शिकवण्याची कमाई आहे. ती आवाजात आणायचा सराव कर.

जायचं ठरलं की शाळेतून नीट नीघ. सीएफआय, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर सरांना सर्वात आधी सांग, मुलांना नंतर, आणि वॉट्सअॅपवर मुळीच नको. ज्यांची पहिली सोलो तोंडावर आली आहे त्यांना तू स्वतः सोलो सोड किंवा नव्या इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा तूही बस. प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये साध्या शब्दांत लिही: हा फ्लेअर उशिरा करतो, हिला रेडिओची भीती वाटते, याला रागावलं की तो अजून बिघडतो. ठरावीक रकान्यांत हे कुठेच मावत नाही आणि पुढच्या इन्स्ट्रक्टरला तेच हवं असतं. स्वतःचं लॉगबुक सही-शिक्क्यानिशी पुरं करून घे आणि डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरचे तास संस्थेकडून मंजूर करून घे. एकदा गाव सोडलं की त्या सह्यांसाठी खेटे घालावे लागतात. इन्स्ट्रक्टर रेटिंगचं नूतनीकरण कधी चुकवू नकोस. गो फर्स्टनंतर काहींना त्याच रेटिंगने तारलं.

माझं मत विचारशील तर जा. फक्त तारीख अशी माग की सध्या हातात असलेली तुकडी सोलोपर्यंत पोचेल. कंपनीला खरंच माणूस हवा असेल तर पुढच्या ग्राउंड स्कूलला घेतील. करार आला की सही करायच्या आधी मला पाठव. रविवारी दुपारी मोकळा आहे, फोनवर ओळन् ओळ वाचू.